विद्युत्‌शक्ती-अभियांत्रिकीचा प्रवेशग्रंथ : एक चिकित्सा

१

विद्युत्‌-अभियांत्रिकी ही एकच विद्या आहे असे मानण्याचा प्रघात असला, तरी तिच्या शाखांमधील परस्परव्यवहार फार पूर्वीपासून तुटक झालेला आहे. अमेरिकेत विद्युत्‌-अभियंत्यांची संस्था १८८४ मध्ये स्थापन झाली. रेडिओच्या अभियंत्यांनी आपली वेगळी संस्था १९१२ मध्ये काढली. दोन्ही संस्थांचे विलीनीकरण १९६३ मध्ये होऊन आजची ‘आयईईई’ अस्तित्वात आली. परंतु संस्था एक झाल्या म्हणून अभ्यासक्रम एक झाले असे मात्र घडले नाही. इलेक्ट्रॉनिकी, दूरसंचार, नियंत्रण आणि संगणक ह्या विषयांकडे वळलेल्या विद्यार्थ्याचा वीजनिर्मिती, पारेषण आणि वितरण ह्यांच्याशी येणारा संबंध बहुधा एका सत्रापुरता असतो. त्या एका सत्रात त्याच्या हाती कोणता ग्रंथ द्यावा, आणि त्या ग्रंथाने त्याच्यासाठी काय करावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ पाठ्यपुस्तकाच्या निवडीचा वाटतो. वस्तुतः तो त्याहून गंभीर आहे.

ह्या प्रश्नाला आजवर मिळालेली उत्तरे स्थूलमानाने तीन प्रकारची आहेत. पहिले उत्तर म्हणजे तज्ज्ञांसाठी लिहिलेल्या ग्रंथाचा संक्षेप करणे. विल्यम स्टीव्हन्सन ह्यांचा ‘एलिमेंट्स ऑफ पॉवर सिस्टिम अ‍ॅनॅलिसिस’ (१९५५) आणि भारतातील विद्यापीठांत पिढ्यान्‌पिढ्या वाचला गेलेला नागरथ व कोठारी ह्यांचा ‘मॉडर्न पॉवर सिस्टिम अ‍ॅनॅलिसिस’ (१९८०) हे अशा संक्षेपाचे नेहमीचे मूलस्रोत होत. दुसरे उत्तर म्हणजे यंत्रांच्या द्वारे प्रवेश घडविणे. फिट्झगेराल्ड व किंग्जली ह्यांचा ‘इलेक्ट्रिक मशिनरी’ (१९५२) हा ह्या परंपरेतील अग्रगण्य ग्रंथ आहे. तिसरे उत्तर तुलनेने अलीकडचे असून ते व्यवसायाबाहेरील वाचकासाठी संकल्पनांची मांडणी करणाऱ्या ग्रंथाचे आहे. अलेक्झांड्रा फॉन मायर ह्यांचा ‘इलेक्ट्रिक पॉवर सिस्टिम्स : अ कन्सेप्च्युअल इंट्रोडक्शन’ (२००६) हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

हे सर्व ग्रंथ आपापल्या क्षेत्रात मान्यता पावलेले आहेत, आणि त्यांच्या योग्यतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. येथे त्यांची परीक्षा एका मर्यादित कसोटीवर करावयाची आहे. अन्य शाखेचा विद्यार्थी हा त्यांचा वाचक असेल, तर ते त्याला कितपत उपकारक ठरतात, एवढाच प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

२

कसोटी ठरविण्यापूर्वी हा वाचक कोण आहे हे पाहिले पाहिजे. तो अज्ञ नसतो. सर्किटचे सिद्धान्त त्याने अभ्यासिलेले असतात, फूरियेची पद्धती त्याला अवगत असते, पुनर्भरण आणि स्थिरता ह्या कल्पनांशी तर त्याचा शक्ती-शाखेच्या विद्यार्थ्यापेक्षाही अधिक परिचय असतो. वारंवारता, इंपीडन्स, भार, शक्ती हे शब्द तो रोज वापरतो. अडचण नेमकी येथेच आहे. हे शब्द त्याच्या मनात आधीच एका अर्थाने भरलेले असतात, आणि वीजव्यवस्थेत त्याच शब्दांचा व्यवहार निराळा असतो. नवा शब्द अडला म्हणजे विद्यार्थी थांबतो व विचारतो; परिचित शब्द अडत नाही, म्हणून तो विचारीतही नाही. सबब, प्रवेशग्रंथाची पहिली कसोटी ही की, परिचित शब्दाचा जुना अर्थ कोठे संपतो ती जागा तो ग्रंथ दाखवितो किंवा नाही.

ह्या शब्दांचा इतिहासही उद्‌बोधक आहे. ‘इंपीडन्स’ हा शब्द ऑलिव्हर हेव्हिसाइड ह्यांनी १८८६ मध्ये रूढ केला, आणि हेव्हिसाइड हे तारायंत्राच्या विद्येतून आलेले होते. उलटपक्षी, प्रत्यावर्ती प्रवाहाचे गणित संमिश्र संख्यांच्या साहाय्याने सोडविण्याची पद्धती चार्ल्स स्टाइनमेट्झ ह्यांनी १८९३ मध्ये शिकागो येथील परिषदेत मांडली ती वीजयंत्रांच्या गणितासाठी. आज इलेक्ट्रॉनिकीचा विद्यार्थी दुसऱ्या वर्षी जी पद्धती शिकतो, ती शक्ती-शाखेने त्याला दिलेली आहे, आणि शक्ती-शाखेचा रिले ज्या राशीवर चालतो, तिचे नाव तारायंत्राच्या शाखेने दिलेले आहे. साधने समाईक आहेत. त्यांच्या मागचे गृहीत मात्र समाईक राहिलेले नाही.

एक साधे उदाहरण पुरेसे होईल. उगमाचा अंतर्गत इंपीडन्स आणि भाराचा इंपीडन्स परस्परांना अनुरूप असले म्हणजे भाराला महत्तम शक्ती मिळते, हा सिद्धान्त दूरसंचाराच्या विद्यार्थ्याच्या हाडीमाशी खिळलेला असतो. आकाशकाने टिपलेला क्षीण संकेत वाया जाऊ द्यावयाचा नाही, हा त्यामागील हेतू. परंतु ह्याच सिद्धान्ताने एखादे वीजकेंद्र चालविले, तर उत्पन्न होणाऱ्या शक्तीचा अर्धा भाग उगमाच्या रोधातच उष्णता होऊन नाहीसा होईल, आणि भाराच्या ठिकाणचा दाब निम्म्यावर येईल. वीजव्यवस्थेत उगम अनुरूप करावयाचा नसतो. त्याचा दाब जवळजवळ स्थिर ठेवावयाचा असतो, आणि किती शक्ती घ्यावयाची हे भार ठरवितो. किती द्यावयाची हे ठरविण्याचे स्वातंत्र्य जनित्राला उरत नाही. भार जे मागेल ते त्याच क्षणी पुरविणे हे त्याचे बंधन असते. ह्या एका उलटापालटीमधून वीजव्यवस्थेचे बहुतेक सारे प्रश्न उद्‌भवतात. असे असूनही महत्तम शक्तीचा सिद्धान्त येथे का लागू पडत नाही, ह्याची स्पष्ट चर्चा प्रवेशाच्या पाठांत क्वचितच आढळते.

३

हा अर्थभेद केवळ शब्दच्छल नव्हे, हे दोन घटनांवरून स्पष्ट होईल.

३० जुलै २०१२ रोजी पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी भारताचे उत्तर विभागीय ग्रिड कोसळले. सुमारे ३६,००० मेगावॉटचा भार बंद पडला. दुसऱ्या दिवशी दुपारी १ वाजता उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही विभागीय ग्रिडे कोसळली आणि सुमारे ४८,००० मेगावॉटचा पुरवठा थांबला. पश्चिम विभाग त्यातून वाचल्यामुळे महाराष्ट्रात ह्या घटनेची झळ फारशी जाणवली नाही, आणि म्हणून येथील वर्गांत तिची व्हावी तितकी चर्चाही झाली नाही. चौकशी समितीच्या निष्कर्षाप्रमाणे दोन्ही दिवशी आरंभ झाला तो बीना-ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी बंद पडल्यामुळे. त्या वाहिनीवर कोणताही दोष उद्‌भवलेला नव्हता. कोठे तार तुटली नव्हती, की कोठे जमिनीशी संपर्क झाला नव्हता. वाहिनीवर भार अतिशय वाढला होता, दाब उतरला होता, आणि अंतरमापक रिलेने ह्या स्थितीलाच दूरचा दोष समजून वाहिनी तोडली.

अंतरमापक रिले काय करतो? दाबाला प्रवाहाने भागतो. भागाकार लहान आला म्हणजे दोष जवळ आहे असे मानतो. सर्किटच्या दृष्टीने ह्यात चूक काहीच नाही. ४०० किलोव्होल्ट दाबाला ८०० मेगाव्होल्ट-अँपियर वाहणाऱ्या वाहिनीचा भासमान इंपीडन्स, दाबाच्या वर्गाला शक्तीने भागून, २०० ओहम येतो. दाब ३६० किलोव्होल्टवर उतरला आणि शक्ती १,००० मेगाव्होल्ट-अँपियरवर गेली, की तोच १३० ओहमवर येतो. रिलेचे तिसरे क्षेत्र शेजारच्या वाहिनीचेही रक्षण करावे म्हणून दूरवर पसरलेले असते. भाराचा बिंदू सरकत सरकत त्या क्षेत्राच्या सीमेत शिरतो. प्रवाह अधिक, दाब कमी, कोणताही तंतू मात्र दुखावलेला नाही. रिलेच्या प्रोग्रॅमचे गणित अचूक असते. परंतु ‘इंपीडन्स’ ही राशी येथे तारेचा गुणधर्म राहिलेली नसते; ती साऱ्या व्यवस्थेच्या त्या क्षणीच्या अवस्थेचे माप झालेली असते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर तो निर्दोष गणिताने व्यवस्थेच्या सर्वांत कठीण क्षणी तिची सर्वांत आवश्यक वाहिनी तोडील.

दुसरी घटना कॅलिफोर्नियातील आहे. १६ ऑगस्ट २०१६ रोजी ‘ब्लू कट’ नावाने ओळखल्या गेलेल्या वणव्यामुळे तेथील ५०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांवर दोष उद्‌भवले. रक्षणव्यवस्थेने ते योग्य रीतीने व तत्काळ दूर केले. तथापि, त्याच वेळी सुमारे १,२०० मेगावॉटची सौर निर्मिती एकाएकी थांबली. त्यांपैकी सुमारे ७०० मेगावॉट थांबण्याचे कारण असे निघाले की, सौर केंद्रांच्या इन्व्हर्टरांना वारंवारता ५७ हर्ट्‌झच्या खाली गेल्याचे दिसले. ग्रिडची खरी वारंवारता त्या वेळी ६० हर्ट्‌झच्या अगदी निकट होती. दोषामुळे दाबाच्या तरंगाची कला एकदम सरकली, तरंगाचा आकार विकृत झाला, आणि एका आवर्तनाच्या मापावरून वारंवारता काढणाऱ्या यंत्रणेने त्या विकृतीलाच वारंवारतेची घट मानले.

संकेतशास्त्राच्या विद्यार्थ्याला वारंवारता म्हणजे तरंगाचा गुण. जो तरंग हाती आहे त्याच्या शून्यबिंदूंमधील अंतर मोजले की ती मिळते. शक्ती-अभियंत्याला वारंवारता म्हणजे शेकडो टन वजनाच्या फिरत्या चक्रांचा समाईक वेग. ती चक्रे क्षणार्धात मंदावू शकत नाहीत. येथे एक छोटेसे गणित पुरे आहे. व्यवस्थेतील फिरत्या वस्तुमानांत साठलेली ऊर्जा पूर्ण भार सुमारे ५ सेकंद पुरवू शकेल इतकी आहे असे धरले, आणि निर्मितीत २ टक्के तूट आली, तर ६० हर्ट्‌झची वारंवारता आरंभी सेकंदाला ०.१२ हर्ट्‌झ ह्या वेगाने उतरेल. सारीच्या सारी निर्मिती एका क्षणात नाहीशी झाली, तरी हा वेग सेकंदाला ६ हर्ट्‌झ इतकाच येईल, म्हणजे ३ हर्ट्‌झ उतरण्यास अर्धा सेकंद, किंवा तीस आवर्तने, लागतील. एका आवर्तनात वारंवारता ३ हर्ट्‌झ खाली आली असे यंत्र सांगत असेल, तर यंत्राने मोजली ती वारंवारता नव्हे, हे ज्याने एवढे गणित केले आहे त्याच्या ध्यानात तत्काळ यावे. पुढे त्या यंत्रणेत विलंबाची योजना करण्यात आली. पण ती योजना अनुभवाने शिकविली; प्रवेशग्रंथाने ती आधीच सुचविली असती, तर अधिक बरे झाले असते.

४

ह्या कसोटीवर तिन्ही प्रकारचे ग्रंथ कसे उतरतात, हे आता पाहता येईल.

स्टीव्हन्सन आणि नागरथ-कोठारी ह्यांच्या ग्रंथांची रचना तज्ज्ञाच्या गरजेप्रमाणे केलेली आहे. वाहिन्यांचे प्रेरकत्व व धारकत्व आरंभीच्या प्रकरणांत काढले जाते. नंतर ‘पर-युनिट’ पद्धती, शक्तिप्रवाहाचे गणित, दोषांचे विश्लेषण असा क्रम लागतो. आणि स्थिरतेचे प्रकरण ग्रंथाच्या उत्तरार्धात येते. ज्याला पुढे वाहिन्यांची रचना करावयाची आहे त्याला हा क्रम स्वाभाविक आहे. पाया आधी, कळस नंतर. परंतु ग्रंथाचा संक्षेप करताना अध्यापक पहिल्या प्रकरणापासून प्रारंभ करतो, आणि सत्र संपते तेथे थांबतो. परिणामी अन्य शाखेच्या विद्यार्थ्याला तारांमधील अंतराचा भूमितीय मध्य काढता येतो, पण ग्रिड का कोसळते ह्याचे उत्तर ज्या प्रकरणात आहे तेथपर्यंत तो पोहोचतच नाही. ज्या भागाची त्याला आयुष्यात पुन्हा गरज पडणार नाही तो त्याच्या पदरी पडतो, आणि ज्याची पडणार आहे तो सुटतो. हा दोष मूळ ग्रंथांचा नव्हे. संक्षेपाच्या कल्पनेचा आहे. संक्षेपाने ग्रंथ लहान होतो, पण त्याचा वाचक बदलत नाही.

फिट्झगेराल्ड व किंग्जली ह्यांच्या ग्रंथाचे सामर्थ्य निराळे आहे. निरनिराळी यंत्रे निरनिराळी म्हणून न शिकविता, विद्युत्‌ ऊर्जा आणि यांत्रिक ऊर्जा ह्यांच्या परस्पररूपांतराचे एकच तत्त्व सर्वांत कसे नांदते, हे त्यांनी दाखविले. भौतिकीची आवड असलेल्या इलेक्ट्रॉनिकीच्या विद्यार्थ्याला ह्या पद्धतीचे आकर्षण वाटते, आणि ते योग्यच आहे. समकालिक यंत्राचा कोन आणि त्याची शक्ती ह्यांचा संबंध ह्या ग्रंथात ज्या स्वच्छपणे येतो, तो अन्यत्र क्वचित आढळतो. तरीही यंत्राचा विचार सुलभ व्हावा म्हणून ह्या परंपरेत ‘अनंत बस’ ही कल्पना गृहीत धरावी लागते. यंत्र ज्या ग्रिडला जोडलेले आहे ते इतके मोठे आहे की, त्याचा दाब आणि वारंवारता कशानेही ढळत नाहीत, असे मानले जाते. यंत्राच्या अभ्यासकाला हे गृहीत सोयीचे आहे. परंतु ज्याला व्यवस्था समजावयाची आहे त्याच्या दृष्टीने जे समजून घ्यावयाचे तेच ह्या गृहीताने झाकले जाते. ग्रिड अनंत नसते. ते मर्यादित असते, आणि त्याची मर्यादा वारंवारतेच्या रूपाने क्षणोक्षणी दिसत असते. ‘अनंत बस’ शिकविली तर ती केव्हा खोटी ठरते हेही त्याच पाठात शिकविले पाहिजे.

फॉन मायर ह्यांच्या ग्रंथाने ही उणीव पुष्कळ अंशी भरून काढलेली आहे. रिअ‍ॅक्टिव्ह शक्तीचे विवेचन, भारांच्या स्वभावाचे स्वतंत्र प्रकरण, शक्तिप्रवाहाच्या गणिताचा अर्थ, स्थिरता व विश्वसनीयता ह्यांची चर्चा, आणि शेवटी नियंत्रणकक्षात बसणारा चालक व कार्यालयात बसणारा अभियंता हे एकाच व्यवस्थेकडे किती भिन्न दृष्टींनी पाहतात ह्याचे मार्मिक वर्णन, हे सारे पारंपरिक ग्रंथांत मिळत नाही. व्यवस्था ही केवळ समीकरणांची नसून ती माणसांनी चालविलेली आहे, ही जाणीव ह्या ग्रंथाइतकी स्पष्टपणे क्वचितच कोणी दिली असेल. १४ ऑगस्ट २००३ च्या अमेरिका-कॅनडातील आपत्तीत सुमारे पाच कोटी लोकांचा पुरवठा खंडित झाला. त्या दिवशी ओहायोतील एका नियंत्रणकक्षाची धोकासूचना देणारी संगणकप्रणाली प्रोग्रॅममधील एका सुप्त दोषामुळे बंद पडली होती, आणि ती बंद पडल्याचे चालकांना तासाहून अधिक काळ कळले नाही. चालकाच्या दृष्टीचे महत्त्व ज्याला पटले आहे तोच अशी प्रणाली लिहिताना ‘सूचना नाही’ आणि ‘सूचना देणारे यंत्र बंद आहे’ ह्या दोन मौनांतील भेद पडद्यावर दाखविण्याची काळजी घेईल.

तथापि प्रस्तुत वाचकाच्या दृष्टीने ह्याही ग्रंथाला मर्यादा आहेत. त्याचा आरंभ विद्युत्‌भार आणि ओहमचा नियम येथून होतो, कारण धोरण, अर्थशास्त्र वा पर्यावरण ह्या क्षेत्रांतील वाचकही लेखिकेच्या डोळ्यांसमोर आहे. इलेक्ट्रॉनिकीचा विद्यार्थी पहिली दोन प्रकरणे ओलांडूनच जाईल. ह्यात हानी पानांची नाही. हानी संधीची आहे. त्याला जे येते त्याचा उपयोग करून, पुनर्भरणाची, संकेताची, नमुनाग्रहणाची भाषा वापरून, त्याला पुढे नेता आले असते. तसे येथे होत नाही. शिवाय २००६ च्या आवृत्तीच्या काळी इन्व्हर्टरांचे प्रमाण अल्प होते, त्यामुळे त्यांच्या नियंत्रणाची चर्चा तेथे मध्यवर्ती नाही. तज्ज्ञाचा ग्रंथ ह्या वाचकाला आपल्यापैकी एक समजतो. संकल्पनांचा ग्रंथ त्याला बाहेरचा समजतो. प्रत्यक्षात तो दोन्ही नाही. तो शेजारचा आहे.

५

ह्या भूमिकेवर काही आक्षेप संभवतात.

पहिला आक्षेप असा की, एका सत्रात व्यवस्थेचे वर्तन शिकवावयाचे म्हणजे पायाशिवाय इमारत उभारण्यासारखे आहे; विद्यार्थी शब्द शिकेल, गणित शिकणार नाही. ह्यात तथ्य आहे. केवळ वर्णनाने भागणार नाही. परंतु वर दिलेली गणिते त्रैराशिकापलीकडची नाहीत. ३०० किलोमीटर लांबीच्या ४०० किलोव्होल्ट वाहिनीचा रिअ‍ॅक्टन्स सुमारे १०० ओहम धरला, तर दोन टोकांच्या दाबांचा गुणाकार भागिले रिअ‍ॅक्टन्स, म्हणजे १,६०० मेगावॉट, ही तिची सैद्धान्तिक सीमा. आणि कोन ३० अंशांचा असता त्याच्या ज्येने गुणून ८०० मेगावॉट. शक्ती कोनामुळे वाहते, कोनाला सीमा आहे, आणि सीमेजवळ गेल्यावर कोन वाढविला तरी शक्ती वाढत नाही, एवढे एका तासात सिद्ध करता येते. तारेचे प्रेरकत्व कसे काढावे हे त्यासाठी आधी येण्याची गरज नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. फिरती जनित्रे कमी होत चालली आहेत, त्यांची जागा इन्व्हर्टर घेत आहेत; मग चक्रांच्या जडत्वाचे पाठ नव्या विद्यार्थ्याला कशासाठी? ह्याचे उत्तर असे की, जडत्व कमी होते तेव्हा त्याची गरज कमी होत नाही, ती दुसऱ्या कोणाकडे तरी सोपविली जाते. आजवर वारंवारता आणि शक्तीचा समतोल ह्यांचा संबंध निसर्गाने जोडून दिलेला होता. पोलादाचे चक्र तो विनासायास पाळीत असे. केवळ इन्व्हर्टरांच्या ग्रिडमध्ये हा संबंध नियंत्रणाच्या प्रोग्रॅममध्ये लिहावा लागतो, आणि तो लिहिणारा हा बहुधा नियंत्रण वा इलेक्ट्रॉनिकी शाखेचाच अभियंता असतो. म्हणजे ज्या विद्यार्थ्याला शक्ती-शाखेचा पाठ अनावश्यक वाटत होता, त्याच्याच हाती वारंवारतेचा अर्थ ठरविण्याचा अधिकार आलेला आहे.

दाबाच्या बाबतीतही हेच खरे आहे. २८ एप्रिल २०२५ रोजी दुपारी स्पेन आणि पोर्तुगाल ह्यांचे ग्रिड कोसळले, ते दाब उतरल्यामुळे नव्हे, तर चढल्यामुळे. दाब चढला म्हणून केंद्रे सुटली. ती सुटल्यामुळे दाब आणखी चढला. आणि काही सेकंदांत द्वीपकल्प अंधारात गेले. तेथील अनेक सौर व पवन केंद्रे स्थिर शक्तिगुणकाने चालत होती. ग्रिडचा दाब पाहून रिअ‍ॅक्टिव्ह शक्ती कमीअधिक करण्याचे काम त्यांच्याकडे नव्हते. इन्व्हर्टरांना ते काम करता येत नाही असे नाही. ते त्यांना नेमून दिलेले नव्हते. रिअ‍ॅक्टिव्ह शक्ती म्हणजे ‘काम न करणारी शक्ती’ एवढीच व्याख्या ज्याने पाठ केली आहे, त्याला तिच्या अभावी काय घडते ह्याची कल्पना कशी यावी?

६

तर मग ह्या वाचकासाठी पाठांचा क्रम कोणता असावा? वरील चिकित्सेतूनच तो निघतो, आणि तो तज्ज्ञांच्या ग्रंथातील क्रमाच्या जवळजवळ उलट आहे.

आरंभ समतोलापासून व्हावा. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ह्या ७६५ किलोव्होल्ट वाहिनीने दक्षिण विभाग उर्वरित देशाशी जोडला गेला, आणि तेव्हापासून सारा भारत एकाच वारंवारतेवर चालतो. ५ एप्रिल २०२० च्या रात्री ९ वाजता नऊ मिनिटांसाठी घरोघरचे दिवे मालविले गेले, तेव्हा देशाची मागणी सुमारे ३१,००० मेगावॉटने उतरली. आधी केलेल्या अंदाजाच्या दुपटीहूनही ही घट अधिक होती. प्रामुख्याने जलविद्युत्‌ केंद्रांनी आपली निर्मिती उतरवून व पुन्हा चढवून तोल सांभाळला, आणि वारंवारता ४९.७० ते ५०.२६ हर्ट्‌झ ह्या मर्यादेत राहिली. इतक्या मोठ्या प्रमाणावरचा प्रयोग कोणत्याही प्रयोगशाळेत करता येणार नाही. पहिल्या पाठाला ह्याहून चांगले उदाहरण शोधण्याचे कारण नाही.

दुसरा पाठ तीन फेजांचा. एका फेजची शक्ती ५० हर्ट्‌झच्या ग्रिडमध्ये सेकंदाला शंभर वेळा चढउतार करते, तर समतोल तीन फेजांच्या शक्तींची बेरीज स्थिर राहते. यंत्राच्या आसावर धक्के बसत नाहीत. तीन तारा वापरण्याचे प्रयोजन एवढ्यावरून कळते. तिसरा पाठ कोन आणि सक्रिय शक्ती ह्यांचा, चौथा दाब आणि रिअ‍ॅक्टिव्ह शक्ती ह्यांचा. पाचवा दोष आणि रक्षण ह्यांचा, आणि त्यात दोष नसताना रिले का चालतो हा प्रश्न मध्यवर्ती असावा. सहावा इन्व्हर्टरच्या नियंत्रणाचा. रोहित्र व वाहिनी ह्यांचे अंतरंग ह्या पाठांत जेथे लागेल तेथे आणि लागेल तेवढेच यावे.

ह्या क्रमाला अनुरूप असा एकच ग्रंथ आज हाती नाही. अध्यापकाने फॉन मायर ह्यांच्याकडून रिअ‍ॅक्टिव्ह शक्ती व चालकाची दृष्टी, फिट्झगेराल्ड-किंग्जली ह्यांच्याकडून समकालिक यंत्र, आणि स्टीव्हन्सन वा नागरथ-कोठारी ह्यांच्याकडून स्थिरतेचे प्रकरण घेऊन आपला मार्ग आखावा हे तूर्त शक्य आहे. मात्र तसे करताना तज्ज्ञांचा ग्रंथ शेवटाकडून उघडण्याचे धैर्य त्याने दाखविले पाहिजे.

परीक्षेचे स्वरूपही त्याबरोबर बदलावे लागेल. वाहिनीचे प्रेरकत्व काढावयास सांगणारा प्रश्न विद्यार्थ्याने सूत्र पाठ केले आहे किंवा नाही एवढेच सांगतो. त्याऐवजी त्याच्यापुढे एका रिलेची नोंद ठेवावी. त्या नोंदीत दाब ३६० किलोव्होल्ट असावा, प्रवाह वाढता असावा, तिन्ही फेज समतोल असावेत आणि बदल अनेक सेकंदांत हळूहळू झालेला असावा. मग त्याला विचारावे की रिलेने वाहिनी तोडावी की नाही, आणि ह्या चार गोष्टींपैकी कोणत्या गोष्टीवरून त्याने हे ठरविले. दोष एका क्षणात येतो, भार पावलापावलाने वाढतो, हे ज्याला सांगता येईल, त्याला उरलेली सूत्रे ग्रंथात पाहण्याची मुभा द्यावयास हरकत नाही.